फंक्शन म्हणजे कार्य की फल?

लग्नसराईत आमच्या करकंबात 'फंक्शन' हा शब्द दिवसातून चारदा तरी कानावर येतो. "परवा आमच्याकडं फंक्शन आहे, सगळ्यांनी यायचं." जुनी माणसं त्यालाच कार्य म्हणतात. घरात कार्य निघतं, कार्य पार पडतं आणि जिथं पार पडतं ते मंगल कार्यालय. अकरावीला गेलेल्या माझ्या पुतणीनं एकदा गणिताचं पुस्तक पुढं धरून विचारलं, "काका, यातलं फंक्शन आणि कार्यालयातलं फंक्शन एकच का?" पानावर दोन लंबगोल होते, एकातून दुसऱ्यात जाणारे बाण होते आणि खाली व्याख्या होती. तिचा प्रश्न मला त्या व्याख्येपेक्षा मोलाचा वाटला. शब्द खरोखरच एका मुळातले आहेत. पण मुळाकडं जाण्याआधी फंक्शन म्हणजे काय ते हाताला लागायला हवं, आणि त्यासाठी पंढरपूर तालुक्यात उसापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

मराठी गणितात फंक्शनला फल म्हणतात, फलन असंही म्हणतात. मी इथं फल म्हणणार आहे. का, ते पुढं येईल.

उसाचा दर उताऱ्यावर ठरतो. शंभर किलो ऊस गाळून किती किलो साखर निघाली, तो उतारा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार दर हंगामाला रास्त आणि किफायतशीर दर जाहीर करतं. गावात त्याला एफआरपी म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामाचा नियम असा होता. उतारा १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३४० रुपये. त्याच्या वर गेलेल्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढवायचे, खाली आलेल्या प्रत्येक ०.१ टक्क्याला तेवढेच कमी करायचे. मात्र उतारा साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी असला तर कपात तिथंच थांबवायची आणि ३१५ रुपये १० पैसे द्यायचे.

पेन्सिल घेऊन करून पाहू. उतारा ११ टक्के लागला. १०.२५ पेक्षा पाऊण टक्का जास्त, म्हणजे ०.१ चे साडेसात टप्पे. साडेसात गुणिले ३.३२ म्हणजे २४ रुपये ९० पैसे. दर झाला ३६४.९०, टनाला ३,६४९ रुपये. उतारा १० टक्केच लागला तर पाव टक्का कमी, अडीच टप्पे, ८ रुपये ३० पैशांची कपात. दर ३३१.७०, टनाला ३,३१७. आणि उतारा ९.२ आला तर काहीच गुणायचं नाही. तळाचा दर ठरलेला आहे, टनाला ३,१५१. यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात किती पडतं हे ऊसवाल्याला पाठ असतं. आपण जाहीर दरापाशीच थांबू.

तिन्ही वेळा आपण एक संख्या आत घातली, नियम लावला आणि एक संख्या बाहेर आली. उताऱ्याला त्याचा दर जोडून देणारा हा नियम म्हणजे फल. आत जाते ती राशी स्वतंत्र चल, बाहेर येते ती तिच्यावर अवलंबून. व्याख्येचा सगळा भार एका शब्दावर आहे: 'एकच'. १०.२५ उताऱ्याला ३४० म्हणजे ३४०. आज एक आणि उद्या दुसरा असं चालत नाही. एका उताऱ्याला दोन दर निघाले तर शेतकरी कारखान्याच्या गेटवर बसतील, आणि गणितही त्यांच्याच बाजूनं उभं राहील.

दुसरी अट बोलून दाखवली जात नाही, पण ती तितकीच पक्की आहे. आत काय घालता येतं ते आधी ठरलेलं असतं. उतारा उणे असू शकत नाही, दीडशे टक्के असू शकत नाही. ज्या संख्यांना हा नियम लागू आहे त्यांच्या समूहाला फलाचा प्रांत म्हणतात. आपल्या उसाला कोणता उतारा धरायचा, या हंगामाचा की मागच्या, यावर महाराष्ट्रात मोठे वाद झाले. नियम दोन्हीकडं तोच होता. आत कोणती संख्या घालायची यावर भांडण होतं. शिवाय ती संख्या तुमच्या एकट्याच्या फडाची नसते, सबंध कारखान्याच्या सरासरीची असते. फल समजलं की वाद नेमका कुठं आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.

आता करकंबची बाजार आमटी घ्या. डाळी एकत्र शिजवलेली, काळ्या-लाल मसाल्याची, भाकरी कुस्करून खायची. डाळी त्याच, मसाला तोच, तिखट मोजून तेवढंच, तरी दोन घरची आमटी एक लागत नाही. मग चव हे साहित्याचं फल आहे का? नाही, कारण त्याच साहित्याला दोन वेगळ्या चवी आल्या. अशा वेळी मला एक गोष्ट फार उपयोगी वाटते: आत काहीतरी घालायचं राहून गेलं आहे असं समजावं. इथं राहून गेला तो हात. चव ही साहित्य, चूल, वेळ आणि रांधणारीचा हात या सगळ्यांचं मिळून फल आहे. हे सगळं जोडीनं आत घातलं की 'एकच' ही अट पुन्हा सांभाळली जाते.

एसटीचं तिकीट तसंच. भाडं टप्प्यावर, आणि टप्पा सहा किलोमीटरचा. सात किलोमीटरला दोन टप्पे, अकरा किलोमीटरलाही दोनच. करकंबहून पंढरपूरला निघालेल्या गाडीत शेजारी-शेजारी बसलेल्या नवरा-बायकोचं तिकीट मात्र वेगळं निघतं, कारण मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे. अंतर एकच, पैसे दोन. म्हणजे भाडं नुसत्या अंतराचं फल नव्हे. अंतर आणि प्रवासी या दोहोंचं ते फल आहे.

या दोन फलांचे आलेख कागदावर काढले तर फरक डोळ्यांना दिसतो. एसटीचा आलेख पायऱ्यांचा: सपाट, मग एकदम उडी, पुन्हा सपाट. उसाचा आलेख साडेनऊपर्यंत आडवा जातो आणि तिथून सरळ चढायला लागतो. वळतो, पण तुटत नाही. साडेनऊला कपातीच्या नियमानं काढा, साडेसात टप्प्यांचे २४.९० वजा जाऊन ३१५.१० येतात, तळाचा दरही तोच. दोन तुकडे जिथं जोडले तिथं सांधा बसलेला आहे. अशा न तुटणाऱ्या फलाला संतत म्हणतात.

उलटं जाता येतं का? टनाला ३,६४९ दर निघाला असं कुणी सांगितलं तर उतारा ११ होता हे ओळखता येईल. पण ३,१५१ सांगितलं तर? साडेनऊ असेल, नऊ असेल, साडेआठही असेल. तळाच्या सपाट भागात सगळे उतारे एकाच दरावर येऊन पडतात आणि परतीची वाट पुसली जाते. फलाची अट एकेरी आहे. आत गेलेल्या प्रत्येकाला उत्तर एकच हवं. पण अनेकांचं उत्तर सारखं असलं तर हरकत नाही. गावातल्या प्रत्येकाला जन्मदाती एकच, म्हणून 'माणूस ते आई' हे फल झालं, यात एकही संख्या नसली तरी. 'आई ते मूल' हे फल नव्हे. तिला चार लेकरं असू शकतात. परतीची वाट शाबूत असेल तेव्हाच व्यस्त फल मिळतं.

इथपर्यंत आलो की मला आमच्या आजोबांचे पाढे आठवतात. ते पंतोजींच्या पद्धतीच्या शाळेत जेमतेम शिकले, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी त्यांना मुखोद्गत होती. पावकी म्हणजे प्रत्येक संख्येची पाव पट, सवायकी सव्वा पट, औटकी साडेतीन पट. 'औट हात देह' मधलं तेच औट. ज्वारी दीड रुपया पायली, सतरा पायल्या: दिडकीत सतराच्या घरात साडेपंचवीस. बाजारात कागद लागत नसे.

मला या पाढ्यांची नावं विलक्षण वाटतात. बेचा पाढा, तिनाचा पाढा ही संख्यांची नावं झाली. पण 'दिडकी' हे कोणत्याही एका संख्येचं नाव नाही. ते 'दीडपट करणे' या संबंधाचंच नाव आहे, आत काय घालणार ते न सांगता. सतरा घाला, साडेपंचवीस घ्या. चाळीस घाला, साठ घ्या. नियमाला स्वतःचं नाव द्यायचं आणि संख्या नंतर पुरवायची, ही फलाच्या आजच्या चिन्हांकनाची कल्पना. तिथं अक्षर आधी येतं आणि कंसात चल: फ(क्ष). आजोबांची दिडकी तशीच मांडली तर दिडकी(१७) = २५.५. एवढंच की पाठ केलेल्या दिडकीचा प्रांत पाढा जिथं संपतो तिथं संपतो.

तक्त्याच्या रूपातलं फल आपल्याकडं फार जुनं आहे. आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये 'ज्या'ची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी दिली, ती पावणेचार अंशांच्या अंतरानं चोवीस ज्यांची. कोन घाला, ज्या घ्या. वस्तू होती, वापर होता. त्या साऱ्यांना कवेत घेणारा एक सामान्य शब्द मात्र नव्हता.

तो शब्द युरोपात आला, लायब्निट्झकडून. ऑगस्ट १६७३ मध्ये, शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, सत्तावीस वर्षांचा लायब्निट्झ पॅरिसमध्ये होता. स्पर्शिकांवरून उलटं जाऊन वक्र कसा शोधायचा यावर त्यानं एक हस्तलिखित लिहिलं आणि त्याच्या लॅटिन शीर्षकात हा शब्द घातला. मूळ क्रियापदाचा अर्थ नेमून दिलेलं काम बजावणं, पार पाडणं. त्यावरून 'फुंक्तिओ' म्हणजे कार्य. एखाद्या वक्रावर बिंदू घ्या. तिथली स्पर्शिका, अभिलंब, तिथून अक्षावर टाकलेला लंब, या प्रत्येक रेषेला त्या वक्राच्या संदर्भात एक काम नेमलेलं आहे. ते काम बजावणारी रेषा, ती वक्राचं फंक्शन. म्हणजे सुरुवातीला हा शब्द भूमितीचा होता, आणि त्याचा अर्थ आपल्या 'कार्य' शब्दाच्या अगदी शेजारचा होता. विधी पार पाडणं या अर्थानं इंग्रजीत तोच शब्द समारंभाला लागला, आणि मराठीत 'कार्य' लग्नामुंजीला लागलं. दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच वळणावर आल्या. पुतणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळतं.

उरलेलं अर्धं शब्दाच्या पुढच्या प्रवासात आहे. लायब्निट्झ आणि योहान बर्नुली यांच्या पत्रव्यवहारात हा शब्द रेषांपासून सुटत गेला. १७१८ मध्ये बर्नुलीनं व्याख्या दिली: एक चल आणि काही स्थिर राशी यांच्यापासून कोणत्याही रीतीनं बनलेली राशी म्हणजे त्या चलाचं फंक्शन. भूमिती गेली, बीजगणित आलं. बर्नुलीचा शिष्य ऑयलर यानं १७३४ मध्ये अक्षर आणि कंसाचं चिन्ह वापरलं, जे आपण आजही वापरतो. १७४८ च्या आपल्या ग्रंथात त्यानं फंक्शनलाच पाया मानून सगळं विश्लेषण उभं केलं. पण फंक्शन म्हणजे त्याच्या लेखी अजूनही एक सूत्र होतं, चलाचं वैश्लेषिक रूप.

ही चौकट फार काळ टिकली नाही, आणि ती मोडायला निमित्त झालं एका तारेचं. वारीत वीणेकऱ्याची तार बोटानं ओढलेली पाहा. बोट सुटण्याआधी तिचा आकार दोन सरळ रेषांचा असतो, बोटापाशी कोपरा असलेला. १७४७ मध्ये दालाँबेरनं कंप पावणाऱ्या तारेचं समीकरण मांडलं आणि वाद पेटला: तारेचा असा कोपऱ्याचा, दोन तुकड्यांचा आकार हे फंक्शन मानायचं का? त्याला एकसंध सूत्र नाही. दालाँबेर म्हणे, चालणार नाही. ऑयलर म्हणे, तार तर तशी ओढता येतेच. या वादात मी मनापासून ऑयलरच्या बाजूचा आहे, कारण उसाचा दरही तसाच दोन तुकड्यांचा आहे आणि त्यावर माणसांची घरं चालतात. १७५५ मध्ये ऑयलरनं स्वतःच व्याख्या रुंद केली. एक राशी बदलली की तिच्यामुळं दुसरी बदलते, तर दुसरी ही पहिलीचं फंक्शन. सूत्राचा आग्रह सुटला.

शेवटची गाठ डिरिक्लेनं सोडली. १८२९ मध्ये त्यानं एक फंक्शन पुढं ठेवलं: संख्या परिमेय असेल तर एक ठरलेलं मूल्य, अपरिमेय असेल तर दुसरं. याचा आलेख कुणालाही काढता येणार नाही, पण प्रत्येक संख्येला उत्तर आहे आणि एकच आहे. १८३७ मध्ये त्यानं स्पष्टच लिहिलं की ते उत्तर सबंध प्रांतभर एकाच नियमानं मिळायला हवं अशी गरज नाही. पुस्तकातले दोन लंबगोल आणि बाण याच विचाराचे वारस आहेत.

हा मोकळेपणा केवढा उपयोगी आहे ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांकडं पाहिलं की कळतं. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या कापरेकरांनी १९४९ मध्ये एक फल शोधलं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठीतून लहान वजा करा. ३३०२ घेऊ. ३३२० वजा ०२३३ म्हणजे ३०८७. आता फलातून बाहेर आलेली संख्याच पुन्हा आत घाला. ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणखी एकदा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येता आणि इथंच राहता. अंकांची अदलाबदल करणारा हा नियम बर्नुलीच्या व्याख्येत बसवणं कठीण गेलं असतं. डिरिक्लेच्या व्याख्येत तो सहज बसतो.

म्हणूनच मला 'फल' हा मराठी शब्द आवडतो. लॅटिन शब्दात काम आहे, ते कसं बजावलं ते आहे. पण दीडशे वर्षांच्या घडामोडीनंतर गणितानं कामाचा आग्रह सोडला आणि फक्त निष्पत्तीकडं पाहिलं: आत हे गेलं, बाहेर काय आलं. निष्पत्तीला मराठीत फलच म्हणतात. भाषांतर म्हणून 'कार्य' शब्दाशी जुळलं असतं. 'फल' कल्पनेशी जुळतं.

आणि हा शब्द आपल्या गणितात आधीपासून होता. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त त्रैराशिक आहे. त्रैराशिकात चार जागा असतात: प्रमाण, फल, इच्छा आणि इच्छाफल. चार किलो कांदा शंभर रुपयांना. चार हे प्रमाण, शंभर हे त्याचं फल. मला हवा सात किलो, ही इच्छा. फलाला इच्छेनं गुणा, प्रमाणानं भागा: १७५, हे इच्छाफल. इच्छा बदलत राहते आणि प्रत्येक इच्छेला तिचं एक फल मिळतं. स्वतंत्र चलाला 'इच्छा' म्हणणारी भाषा मला दुसरी माहीत नाही.

पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं वहीत उसाचा दर त्रैराशिकात मांडला. प्रमाण १०.२५, फल ३४०, इच्छा ११. उत्तर आलं ३६४ रुपये ८८ पैसे. सरकारी नियमानं आपण काढलं होतं ३६४ रुपये ९०. दोन पैशांचा फरक कुठून आला म्हणून तिनं ३४० ला १०२.५ नं भागलं: ३.३१७ आणि पुढं. त्याचेच ३ रुपये ३२ पैसे केलेले. म्हणजे टप्प्याटप्प्यानं वाढणारी ती सगळी रक्कम मुळात त्रैराशिकच होती. मग तिनं साडेआठचा उतारा घातला. त्रैराशिकानं २८१ रुपये ९५ पैसे आले. तिनं त्या आकड्याला गोल केला, शेजारी ३१५.१० लिहिलं आणि दोहोंच्या मध्ये रेघ ओढून म्हणाली, "इथं त्रैराशिक थांबवलंय."

"कशासाठी?" मी विचारलं.

"शेतकऱ्यासाठी," ती म्हणाली, आणि साडेनऊवर पेन्सिल टेकवून तिनं आलेखाची आडवी रेघ डावीकडं नेली.